लवकरच भेटू, लायल बॅन्टा

स्मरणशक्तीच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या इंडियानात सापडायचा नाही. निवृत्त बास्केटबॉलपटूंचे पत्ते मला घरक्रमांकासकट तोंडपाठ आहेत. कोण फ्लोरिडात मुलीकडे राहायला गेला, कोणाची दुसरी बायको टपाल परस्पर कचऱ्यात टाकते, कोणाचा हात आता थरथरतो, सगळं माझ्या डोक्यात आहे. माझी बायको नडीन म्हणते, "मर्ल, एवढं लक्षात राहतं, मग ओव्हन बंद करायचं कसं राहत नाही?" आता ओव्हनचा आणि स्मरणशक्तीचा काय संबंध? ओव्हनला पत्ता नसतो.

माझा छंद साधा आहे, टपालाने सह्या मिळवायच्या. ज्याची सही हवी त्या म्हाताऱ्या खेळाडूला एक आर्जवी पत्र लिहायचं, सोबत एक कोरं कार्ड घालायचं, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घडी करून आत ठेवायचं. म्हाताऱ्याने फक्त कार्डावर सही करायची, पाकिटाच्या डिंकावर जीभ फिरवायची आणि ते टपालात टाकायचं. म्हणजे उत्तर येतं ते आपल्याच अक्षरातल्या पाकिटातून. मी तर आणखी पुढे जातो. पाठवणाऱ्याच्या कोपऱ्यातही मी माझाच पत्ता घालतो. पाकीट जगात कुठेही भरकटलं तरी शेवटी माझ्याच दारात आलं पाहिजे. या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

मधली काही वर्षं मात्र अशी गेली की उत्तरं येणंच बंद झालं. एक म्हणून आलं नाही. मी त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या मिजाशीला मनसोक्त शिव्या घातल्या. मग कधीतरी आपोआप पुन्हा सुरू झालं आणि मी तो विषय सोडून दिला.

माझ्याकडे वॉबॅश रिव्हरमेन या संघाचा एक जुना फोटो आहे. त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत, फक्त मागच्या रांगेत सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा असलेला लायल बॅन्टा तेवढा कोरा. सहा फूट अकरा इंच उंची, पाठीवर चव्वेचाळीस आकडा. पोरवयात मी या माणसासाठी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. त्याला मी किती पत्रं लिहिली असतील! त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही, आणि गेल्या पानगळीत तो वारला.

मी अंत्यदर्शनाला गेलो होतो. रांगेत उभा राहिलो, त्याच्या बायकोचा हात हातात घेतला, आणि त्याला डोळे भरून पाहिलं. त्याच्या मापाची शवपेटी खास बनवून आणावी लागली होती. निघताना दाराशी पाहुण्यांची वही होती, तिच्यात सगळ्यांसारखं मीही नाव लिहिलं आणि खाली पत्ता घातला. गंमत बघा, ज्याची सही मला आयुष्यभर मिळाली नाही त्यालाच मी माझी देऊन आलो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की लायल बॅन्टा मेला होता याबद्दल तुमच्या मनात शंका राहू नये. माझ्या मनात नव्हती.

जानेवारीत एका धुक्याच्या सकाळी मी रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी गेलो. आमच्याकडे हिवाळ्यात मक्याची शेतं कापून मोकळी असतात, आणि धुकं पडलं की रस्त्यापलीकडे जग आहे की नाही हेही कळत नाही. पेटीत एकच पाकीट होतं. मी मला पाठवलेलं. आत कार्ड होतं, आणि त्यावर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलं होतं:

"मर्ल, लवकरच भेटू. लायल बॅन्टा, ४४."

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. बॅन्टा मिळाला! मी तिथेच एक गिरकी घेतली. गिरकी पूर्ण होईपर्यंत बाकीचं ध्यानात आलं. मी धुक्यात चहूकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग मी माझ्या वयाला न शोभेल अशा वेगाने घरात आलो.

नडीनने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"हे अक्षर तुझं आहे."

"पाकिटावरचं माझंच असतं."

"पाठवणारा कोण?"

"मी."

"कोणाला पाठवलंस?"

"मला."

"आणि आत सही त्या गेलेल्या माणसाची."

"हो."

नडीनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मर्ल, तू सकाळी काही खाल्लंस का?"

मी शिक्का दाखवला. पण आमच्याकडे अर्ध्या राज्याचं टपाल शहरात नेऊन तिथेच शिक्का मारतात, त्यामुळे पाकीट कुठून निघालं ते देवालाच ठाऊक. तिकिटावर घंटेचं चित्र होतं. दर वाढले तरी कायम चालणारी तिकिटं असतात ना, त्यांतलं जुनं. नडीन उठली, स्वयंपाकघरातला खण उघडला आणि आतून एक अर्धवट वापरलेली गुंडाळी काढून माझ्यासमोर धरली. सगळ्यांवर तीच घंटा.

"ही तिकिटं आपल्याच खणात आहेत," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. तिने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड ऑरिसला दाखवलं. ऑरिस गॅबर्ट हा माझा या छंदातला जुना साथीदार आणि तेवढाच जुना वैरी. आम्ही हमरस्त्यावरच्या खानावळीत भेटतो. त्याने खिशातून भिंग काढलं आणि कार्ड इतका वेळ न्याहाळलं की त्याची कॉफी निवली.

"सही खरी आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"बॅन्टाशिवाय अशी सही कोणी करत नाही. शेवटी ही शेपटी बघ कशी ओढलीय. तो नक्की मेलाय का?"

"मी पाहिलाय ना डोळ्यांनी."

"मेलेला पाहिलास की नुसता आडवा पडलेला?"

"ऑरिस, शवपेटीत होता तो."

ऑरिसने कार्ड एका बोटाने माझ्याकडे सरकवलं आणि ते बोट पँटला पुसलं. "लेका, मला जिवंत माणसं उत्तर देत नाहीत आणि तुला मेलेली देतात. नशीबवान आहेस. पण एक कर, कधी हे विकायची वेळ आली तर माझ्याकडे येऊ नकोस." असं म्हणून तो उठला आणि आपली कॉफी घेऊन पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. तिथून त्याने मला हात केला.

थोड्या दिवसांनी दुसरं पाकीट आलं. तेच अक्षर, तीच घंटा, तोच मजकूर. लवकरच भेटू.

आता मलाच माझा संशय यायला लागला. मी झोपेत उठून हे उद्योग करत नसेन ना? माझ्या हाताला बॅन्टाची सही येते की काय? ते तपासायला हवं होतं. नडीन दुकानात गेलेली पाहून मी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, निळं पेन घेतलं आणि सही करून पाहिली. पहिली जमली नाही. दुसरी थोडी बरी आली. आता कुठल्याही कामात सुधारणा दिसायला लागली की माणूस थांबतो का? पान भरत आलं तेव्हा शेपटी मला अगदी झकास जमायला लागली होती, आणि नेमकी त्याच वेळी नडीन पिशव्या घेऊन मागे येऊन उभी राहिली.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. मी मलाच तपासत होतो, हे मी जितक्या वेळा सांगितलं तितका तिचा चेहरा पडत गेला. तिने मुलीला फोन लावला आणि दार लोटून घेतलं. संध्याकाळी मला कळलं की शहरातल्या दवाखान्यात, जिथे म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासतात, तिथे माझं नाव घातलं आहे. आणि दाराजवळच्या खुंटीवरून गाडीची किल्ली नाहीशी झाली होती.

"किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे. डॉक्टर म्हणतील तर परत देईन."

ज्याने हे भोगलं नाही त्याला कळायचं नाही. आमच्या भागात बस नाही, चालत जाण्याजोगं काही नाही. चहूकडे नुसती शेतं. किल्ली गेली की माणूस खिडकीत बसवलेल्या कुंडीसारखा होतो, कोणी पाणी घातलं तर घातलं. माझ्या वडिलांची किल्ली मीच काढून घेतली होती. त्यानंतर ते फार बोलले नाहीत. मला भुताची भीती वाटत होती, पण किल्लीची त्याहून जास्त वाटत होती.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी तिसरं पाकीट आलं. ते मी नडीनसमोरच फोडलं, म्हटलं साक्षीदार असलेला बरा. आतून कार्ड निघालं नाही. फोटो निघाला.

फोटोत आमचं घर होतं. गॅरेजवरच्या बास्केटच्या कड्याखाली, बर्फात, एक उंच, हाडकुळा माणूस उभा होता. अंगात पायघोळ काळा कोट, कोटाचं टोपडं डोक्यावरून पुढे ओढलेलं, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख. खांद्यावर लांब दांड्याचं फावडं. खालच्या कोपऱ्यात काहीतरी लालभडक पसरलं होतं. आणि त्या माणसाच्या छातीवर निळ्या शाईत आडवं लिहिलं होतं: लवकरच भेटू.

कोट माझा होता. तो माणूस मीच होतो.

"हा फोटो कोणी काढला?" नडीनने विचारलं.

"मला माहीत नाही."

"रस्त्यावरून काढलाय. आपल्या घराकडे तोंड करून." तिने फोटो उजेडाकडे धरला. "मर्ल, ते लाल काय आहे?"

आम्ही दोघांनी एकदमच खिडकीबाहेर, रस्त्याकडे पाहिलं. धुक्यात टपालपेटी तेवढी दिसत होती.  नडीनने आपला कोट उचलला.

"चल."

"कुठे?"

"त्या बॅन्टाच्या बायकोकडे. उद्या डॉक्टरांना काय सांगायचं ते मला आज कळलं पाहिजे. तुझं डोकं फिरलंय की आपल्याला कोणी झपाटलंय, यातलं एक काहीतरी मी नक्की करणार आहे."

गाडी अर्थात तिनेच चालवली. दिवस असून दिवे लावावे लागले होते. मी शेजारी बसून होतो, टोपडं ओढून, कारण आमच्या गाडीचा हीटर माझ्या बाजूला चालत नाही.

बॅन्टाचं घर शेतांच्या मधोमध एकटं उभं होतं आणि सगळं त्याच्या मापाने बांधलेलं होतं. दाराची मूठ माझ्या छातीला लागत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून मी दोन पावलं आत गेलो. भिंतीशी बुटांचा एक जोड होता, त्यात मांजरीला पिल्लं घालून वाढवता आली असती. समोर आरसा टांगला होता. मी आरशात पाहिलं, आणि आरशात मी नव्हतो. नुसतं छत होतं. मी आणखी जवळ गेलो, टाचा उंचावल्या, तरी मी नाही. नंतर लक्षात आलं की आरसाही त्याच्याच उंचीला लावलेला होता, पण ते नंतर. त्या क्षणी मी स्वतःला चिमटा काढला आणि तो लागला नाही, कारण कोट जाड होता.

तेवढ्यात आतल्या दारात मिसेस बॅन्टा येऊन उभ्या राहिल्या. आर्व्हिला बॅन्टा म्हणजे जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी बाई, हातात ओव्हनचे जाड हातमोजे. त्यांनी मला पाहिलं. काळा कोट, ओढलेलं टोपडं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला, पण त्या डगमगल्या नाहीत.

"आलात," त्या म्हणाल्या.

मी उंचावलेल्या टाचा खाली टेकवल्या.

"येणार हे माहीत होतं. इतक्या लवकर याल असं वाटलं नव्हतं." त्यांनी एक लांब श्वास घेतला. "जरा थांबाल का? आत केक आहे. ओव्हन बंद करते, मग निघू."

"कुठे?" मी कसंबसं विचारलं.

"ते तुम्हालाच माहीत," त्या म्हणाल्या. मग माझ्या मागून आत आलेली नडीन त्यांना दिसली. "अगोबाई. तुम्ही जोडीने येता?"

पुढचा थोडा वेळ तिघंही एकदम बोलत होतो, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. शेवटी नडीनने मला खुर्चीत बसवलं, माझं टोपडं मागे ओढलं आणि पाकिटं टेबलावर मांडली. मिसेस बॅन्टांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. उजेडात मी मर्ल स्टकीच दिसतो, दुसरं काही नाही. त्या खुर्चीत टेकल्या.

"ही पाकिटं मीच टाकली," त्या म्हणाल्या. "तुमचीच आहेत ना? दर हिवाळ्यात तुमचं पत्र यायचं. बाकीचे लोक म्हणायचे, शुभेच्छा लिहा. तुम्ही लिहायचात, 'कृपा करून आपल्या हाताने एवढंच लिहा: लवकरच भेटू.' लायल मला विचारायचा, आर्व्हिला, हा आहे तरी कोण? मी याला ओळखत नाही, आणि हा मलाच लिहून मागतोय की लवकरच भेटू? तेव्हा त्याचं हृदयाचं दुखणं नुकतंच सुरू झालं होतं."



"मग सही केली कशाला त्यांनी?" नडीनने विचारलं.

"तो कोणाला नाही म्हणायचा नाही हो. सही करायचा, पाकीट बंद करायचा, पण मला टाकू द्यायचा नाही. म्हणायचा, हे गेलं की तो येणार. मग एका वर्षी पत्रातून हा फोटो आला, त्याने कार्डाऐवजी त्यावरच लिहून दिलं." त्यांनी फोटोतल्या फावड्यावर बोट ठेवलं. "चित्रांतला मृत्यू असाच असतो ना, काळा झगा आणि खांद्यावर लांब दांड्याचा विळा. त्यानंतर तो एकटा फाटकापर्यंत टपाल आणायला गेला नाही. मी सोबत जायची. एवढा मोठा माणूस, माझा हात धरून यायचा."

हे ऐकून मला भडभडून आलं. ज्या माणसासाठी मी घसा बसवून घेतला, त्याला मी त्याच्याच अंगणात घाबरवून सोडलं होतं, आणि वर तिकीट लावून.

"मग तो गेला," मिसेस बॅन्टा म्हणाल्या. "आणि पाहुण्यांच्या वहीत बघते तर तेच अक्षर, तोच पत्ता. तुम्ही खरंच येऊन गेला होतात. मी म्हटलं, यांचं जे काही आहे ते यांना देऊन टाकावं, म्हणजे पुन्हा येणार नाहीत. लोकांचं तिकीट वाया घालवलेलं लायललाही आवडायचं नाही. पण सगळं एकदम टाकायचा धीर होईना. एक टाकायची आणि आठवडाभर दाराला कडी लावून बसायची. आज शेवटचं पोचलं असेल, म्हणून कडी काढली होती."

"मर्ल," नडीन म्हणाली, "तू असं लिहायला सांगायचास?"

आणि मग, हळूहळू, मला आठवलं. सगळे खेळाडू सगळ्यांना 'शुभेच्छा' लिहितात, ऑरिसकडे खोकी भरून शुभेच्छा पडल्या आहेत. मला काहीतरी वेगळं हवं होतं. वसंतात जुन्या खेळाडूंचा मेळावा भरतो, तिथे मी जाणारच होतो, म्हणून 'लवकरच भेटू'. मला ते फार आपुलकीचं वाटलं होतं. आणि लिहिणारा कोण हे कळावं म्हणून एका हिवाळ्यात सोबत फोटो घातला होता.

"फोटो मीच पाठवला," मी म्हणालो. "पण काढला कोणी ते आठवत नाही."

"आणि हे कोपऱ्यातलं लाल काय आहे?" मिसेस बॅन्टांनी विचारलं. "लायल याला फार भ्यायचा."

तिघंही त्या लाल डागाकडे पाहत राहिलो. तो लोकरीचा होता. नीट पाहिलं तर वीणही दिसत होती. कॅमेऱ्याच्या भिंगावर कोणाचा तरी अंगठा आला होता. मी नडीनच्या हातांकडे पाहिलं. तिच्या हातात तिचे लाल लोकरी हातमोजे होते, दर हिवाळ्यात ती तेच घालते. तिने ते एकेक करून काढले आणि पर्समध्ये ठेवले.

"केक खाणार का?" मिसेस बॅन्टांनी विचारलं. त्यांचा रंग परत आला होता. केक थोडा करपला होता, कारण ओव्हन बंद करायचं राहूनच गेलं होतं. आम्ही तो सगळा संपवला. निघताना मी माफी मागितली आणि कार्डं परत देऊ केली. "ठेवा," त्या म्हणाल्या, "तुमचीच आहेत." दाराशी त्या सवयीने "बरंय, पुन्हा..." एवढं बोलल्या, थबकल्या, आणि "या आता" म्हणून दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

गाडीत नडीन किल्ली हातात घेऊन बसून राहिली.

"दवाखान्याला नको म्हणून कळवते," ती शेवटी म्हणाली. "न्यायचंच तर दोघांना न्यायला लागेल." तिने किल्ली माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला. तेवढ्यात तिच्या मनात काहीतरी आलं असावं, कारण किल्ली जराशी मागे सरकली.

"एक सांग. हे 'लवकरच भेटू' तू फक्त बॅन्टालाच लिहिलं होतंस ना?"

आता मी सुरुवातीलाच सांगितलं आहे की माझी स्मरणशक्ती दांडगी आहे. तिने नेमक्या त्या क्षणी काम करायला सुरुवात केली. उत्तरं बंद झाली होती ती सगळी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. ओहायो, केंटकी, फ्लोरिडा, टेक्सस. एकूण एक म्हातारा, घरक्रमांकासकट. आणि प्रत्येकाला तो फोटो.

"मर्ल?"

"मी त्या सगळ्यांना पत्र टाकतो," मी म्हणालो. "घाबरू नका म्हणून."

"काय लिहिणार आहेस?"

"हेच, की एवढ्यात तरी मी येत नाही."

नडीनने किल्ली मागे घेतली आणि गाडी स्वतःच सुरू केली.